शब्दास जागलेले शिक्षक : हेन्री वॉटसन फाउलर

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना प्रत्येक शिक्षकास एक अडचण वारंवार येते. विद्यार्थ्याचे वाक्य व्याकरणाच्या कसोटीस उतरते, त्यातील सर्व शब्द कोशात सापडतात, तथापि ते वाक्य कोणीही इंग्रज मनुष्य उच्चारणार नाही असे असते. 'माझे डोके दुखत आहे' हे मराठी वाक्य मनात धरून मुलगा 'माय हेड इज पेनिंग' असे लिहितो. त्याखाली तांबडी रेघ ओढली की तो विचारतो, गुरुजी, यात चूक कोणती? कर्ता आहे, क्रियापद आहे, काळही बरोबर आहे. इंग्रज तसे म्हणत नाही, तो 'आय हॅव अ हेडेक' असे म्हणतो, एवढेच उत्तर शिक्षकापाशी असते, आणि त्याने मुलाचे समाधान होत नाही. व्याकरणाचा नियम तरी दाखविता येतो. भाषेची जी रूढ रीत, जीस आपण संप्रदाय म्हणतो, ती दाखवावी कशी?

इंग्रजी भाषेची ही रीत शोधून काढण्यात आणि ती लोकांस समजावून देण्यात ज्यांनी आपल्या उत्तरवयाची तीस वर्षे वेचली, त्या हेन्री वॉटसन फाउलर यांचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, अशी इच्छा पुष्कळ दिवसांपासून मनात होती. फाउलर हे राजे नव्हते, सेनापती नव्हते, मोठ्या विद्यापीठात अध्यापकही नव्हते. ते आमच्यासारखेच शाळामास्तर होते, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ती मास्तरकीही सोडली. का सोडली हे पुढे येईलच. त्यांच्या चरित्रातील माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

इंग्लंडातील केंट परगण्यात टनब्रिज म्हणून गाव आहे. तेथे १० मार्च १८५८ रोजी फाउलर यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक असून शाळेत शिकवीत असत. हेन्री हे एका मोठ्या कुटुंबातील वडील चिरंजीव. रग्बी येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते ऑक्सफर्डच्या बेलिअल महाविद्यालयात गेले. लॅटिन व ग्रीक या भाषांत त्यांची गती चांगली होती, परंतु परीक्षांत त्यांस दुसराच वर्ग मिळाला. १८७९ साली, ते ऑक्सफर्ड येथे असतानाच, वडील वारले. थोरल्या मुलावर अशा वेळी कोणता भार पडतो हे आपल्याकडील वाचकांस सांगण्याची गरज नाही.

एडिंबरो येथील शाळेत काही काळ काम केल्यावर १८८२ साली ते सेडबर्ग येथील शाळेत रुजू झाले. हे गाव तेव्हा यॉर्कशायर परगण्यात मोडत असे. १९७४ सालापासून ते कंब्रिया परगण्यात आहे. भोवताली उघड्याबोडक्या टेकड्या आणि थंडगार पाण्याचे ओहोळ. तेथे फाउलर सतरा वर्षे लॅटिन, ग्रीक व इंग्रजी शिकवीत राहिले. स्वभाव अबोल, शिस्त कडक, राहणी साधी. टेकड्या चढणे, धावणे आणि थंडीवाऱ्याची पर्वा न करता पोहणे हे त्यांचे व्यसनच होते म्हणा ना. धूम्रपानाचेही होते, पण ते विद्यार्थ्यांनी उचलू नये.

आता ती गोष्ट सांगतो. त्या शाळेत मुले वसतिगृहात राहत, आणि प्रत्येक वसतिगृहावर एक गृहपती असे. गृहपतीची जागा म्हणजे मान, अधिक वेतन आणि आयुष्यभराची स्थिरता. अशी एक जागा रिकामी झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी ती फाउलर यांस देऊ केली. परंतु गृहपतीच्या कर्तव्यांत एक कर्तव्य असे होते की, आपल्या वसतिगृहातील मुलांस दृढीकरणाच्या विधीसाठी त्याने तयार करावे. ख्रिस्ती कुटुंबात तान्हेपणी बाप्तिस्मा झालेले मूल जाणते झाले म्हणजे मंडळीसमोर आपल्या मुखाने आपली श्रद्धा कबूल करते. त्या विधीस दृढीकरण म्हणतात. फाउलर यांचे अंतःकरण मात्र त्या श्रद्धेपासून दूर गेलेले होते. जे आपणांस खरे वाटत नाही ते मुलांस खरे म्हणून शिकविणे त्यांस ढोंग वाटले, आणि ते काम करण्यास त्यांनी नकार दिला. मुख्याध्यापकांसही शाळेचा परिपाठ मोडवेना. शेवटी १८९९ साली फाउलर यांनी केवळ गृहपतीची जागाच नव्हे, तर शाळाही सोडली.

ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकात, ख्रिस्ती शिक्षकाच्या लेखणीतून या प्रसंगाचे कौतुक व्हावे, हे काही पालकांस विलक्षण वाटेल. फाउलर यांस श्रद्धेचे धन लाभले नाही याचा मला खेद आहे, आणि तो मी लपवीत नाही. परंतु होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही एवढेच बोलणे असावे, ही जी आज्ञा आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दिली, ती या मनुष्याने स्वतःस मोठे नुकसान सोसून पाळली. पगारासाठी ओठांनी कबुली देणारे आणि अंतःकरणात रिकामे असणारे शिक्षक कोणत्याही धर्माच्या शाळेत असतात. त्यांच्या हाती मूल सोपविण्यापेक्षा मी ते फाउलर यांच्या हाती सोपवीन. आणि ज्यास स्वतःच्या मनात नसलेला एक शब्द मुलांपुढे उच्चारवेना, तोच मनुष्य पुढे शब्दांचा एवढा मोठा पारखी झाला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

शाळा सोडून ते लंडन शहरी गेले आणि चेल्सी भागात राहू लागले. वडिलांच्या मिळकतीतून थोडेसे उत्पन्न येई, आणि नियतकालिकांत निबंध लिहून त्यात काही भर पडे. चार वर्षे अशी काढल्यावर १९०३ साली ते गर्न्सी बेटावर आपल्या भावाकडे गेले. इंग्लंड व फ्रान्स या दोन देशांमधील समुद्रात हे लहानसे बेट आहे. त्यांचा भाऊ फ्रान्सिस जॉर्ज, ज्यास घरी फ्रँक म्हणत, तो त्यांच्याहून बारा वर्षांनी धाकटा होता. केंब्रिज येथे शिकलेला, आणि त्या बेटावर टोमॅटोची लागवड करून राहणारा. एका भावाने मास्तरकी टाकलेली, दुसऱ्याने टोमॅटो लावलेले. या दोघांच्या हातून इंग्रजी भाषेची काही सेवा घडेल असे त्या वेळी कोणास वाटले असेल? दोघे जवळजवळच्या घरांत राहत. सकाळी धावत जाऊन समुद्रात पोहून यावे आणि मग लिहावयास बसावे, असा हेन्री यांचा क्रम असे.

प्रथम दोघांनी मिळून लुशियन या ग्रीक लेखकाच्या ग्रंथांचे चार भागांत भाषांतर केले. ते ऑक्सफर्डच्या छापखान्याने १९०५ साली प्रसिद्ध केले. एका भाषेचा संप्रदाय दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेता येत नाही, हा धडा भाषांतर करणारास पहिल्याच पानावर मिळतो. तो ज्यास मिळाला नाही त्याने भाषांतर करूच नये.

दुसऱ्या वर्षी, १९०६ साली, 'दि किंग्ज इंग्लिश' हे पुस्तक निघाले, आणि या दोन बंधूंचे नाव सर्वत्र झाले. त्या पुस्तकाची रीत मोठी धीट होती. अशुद्ध वाक्यांची उदाहरणे सामान्यतः पंतोजी स्वतः रचून देतात. फाउलर बंधूंनी ती लंडनच्या 'टाइम्स' पत्रातून आणि नामांकित ग्रंथकारांच्या पुस्तकांतून वेचून काढली व कोठून घेतली हेही खाली छापले. ज्या पत्राकडे सारा देश भाषेचा नमुना म्हणून पाही, त्यातच एवढ्या चुका निघालेल्या पाहून पुष्कळांचे डोळे उघडले, आणि काहींचे लालही झाले. पुस्तकाच्या आरंभी त्यांनी लेखकास थोडक्यात उपदेश केला आहे. ओळखीचा शब्द असताना दूरचा आणू नये. डोळ्यांपुढे वस्तू उभी करणारा शब्द असताना नुसते भाववाचक नाम घालू नये. एका शब्दाने भागत असेल तर चार योजू नयेत. आखूड शब्द लांब शब्दाहून बरा. आणि मूळचा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलेल्या शब्दाहून बरा. हे लिहीत असताना माझ्या स्वतःच्याच मराठीकडे लक्ष जाते आणि थोडा संकोच वाटतो. आम्हां शिक्षकांची लेखणी संस्कृत शब्दांवाचून चालतच नाही.

१० मार्च १९०८ रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, फाउलर यांनी जेसी मेरिअन विल्स या बाईंशी विवाह केला. बाई परिचारिका होत्या व त्याच बेटावर रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह चालवीत. नवरा अबोल आणि बायको बोलकी, पण संसार फार सुखाचा झाला असे त्यांचे स्नेही सांगत.

यानंतरचे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष ओळखीचे आहे. ऑक्सफर्डचा जो अतिविशाल इंग्रजी कोश, त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. त्या कोशावरून सामान्य माणसाच्या टेबलावर मावेल असा एका खंडाचा कोश करण्याचे काम फाउलर बंधूंकडे आले. मोठा कोश तेव्हा पुरा व्हावयाचा होता, म्हणून शेवटच्या अक्षरांचे शब्द या दोघांस स्वतःच्याच बळावर रचावे लागले. १९११ साली 'कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी' प्रसिद्ध झाली. आपल्या इकडील किती शाळांच्या कपाटांत ती आजवर झिजली असेल, याची गणती करवत नाही.

या कोशात एक नवलाची गोष्ट होती, तिकडे मुलांचे लक्ष सहसा जात नाही. मूल कोश उघडते ते कठीण शब्दासाठी. फाउलर यांचे म्हणणे उलटे. कठीण शब्दास अर्थ एकच असतो. तो एका ओळीत देऊन मोकळे होता येते. खरी कठीण जागा म्हणजे 'पुट', 'सेट', 'टेक', 'गो' असले सोपे शब्द. त्यांचे अर्थ अनेक, आणि दुसऱ्या शब्दांच्या संगतीत ते पार बदलतात. म्हणून अशा लहान शब्दांस त्यांनी पुष्कळ जागा दिली आणि प्रत्येक अर्थाबरोबर तो शब्द ज्या लहान वाक्यांत नेहमी येतो ती वाक्ये दिली. शब्द एकटा नसतो, त्यास सोबत असते. ही सोबत ओळखणे म्हणजेच भाषा येणे. माझ्या विद्यार्थ्यांनी कन्साइज कोशात एकदा 'टेक' हा शब्द मुद्दाम काढावा आणि पाहावे. सबंध वर्षात मी जे शिकवितो त्यापेक्षा अधिक त्या एका स्तंभात मिळेल.

कोश पुरा होत असतानाच दोघा बंधूंनी आणखी एका ग्रंथाचा बेत आखला. त्यात इंग्रजीतील नेहमीचे वाक्प्रचार, त्यांचे खरे अर्थ, आणि लिहिताना होणारे घोटाळे यांचा विचार व्हावयाचा होता. हा ग्रंथ परकीयांसाठी नव्हता. ज्यास लिहिण्याची हौस आहे, पण अमुक प्रयोग करावा की न करावा अशी शंका ज्याच्या मनात सतत येते, अशा अर्धवट शिकलेल्या इंग्रजासाठीच तो योजिला होता. आमच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. आपणांस इंग्रजी वाक्प्रचार जड जातात ते केवळ आपण मराठी बोलतो म्हणून नव्हे. ज्यांच्या आया इंग्रजीत अंगाई गातात त्यांसही ते जड जातात.

इतक्यात १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. फाउलर तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. इतरांस सैन्यात जा म्हणून सांगावयाचे आणि आपण घरी राहावयाचे हे त्यांस रुचेना. १९१५ च्या एप्रिल महिन्यात, सत्तावन्न वर्षे पुरी झालेली असताना, चव्वेचाळीस वर्षांचा आहे असे सांगून ते सैन्यात दाखल झाले. फ्रँकही बरोबर होता. येथे मला फाउलर यांची बाजू घेता येत नाही. एका असत्य शब्दासाठी ज्याने जन्माची नोकरी टाकली, त्याने तेरा वर्षे चोरून सरकारी कागदावर सही करावी! काही जण म्हणतील, पहिले असत्य लाभाचे होते, दुसरे मरणाच्या दारात नेणारे होते. फरक आहे खरा. तरी असत्य ते असत्यच.

पुढे जे झाले ते दुःखाचे आहे. रणांगणावर जाण्याच्या इच्छेने आलेल्या या दोघांस फ्रान्समधील एताप्ल येथील छावणीत भांडी घासणे, कोळसा वाहणे, ओझी उचलणे अशी कामे मिळाली. १९१६ सालच्या फेब्रुवारीत दोघांनी वरिष्ठांकडे अर्ज केला. आम्ही नुकसान सोसून आलो ते लढण्यासाठी, गडीकाम करण्यासाठी नव्हे, असे त्यांनी त्यात स्पष्ट कळविले. अर्जाचा उपयोग झाला, पण शरीराने साथ दिली नाही. कवायतीच्या मैदानावर हेन्री घेरी येऊन पडले आणि पुन्हा स्वयंपाकघरात आले. त्याच वर्षी ते सैन्यातून मोकळे झाले. फ्रँक यास सैन्यात असतानाच क्षय जडला. १९१८ साली तो गेला.

ज्या ग्रंथाचा बेत दोघांनी केला होता तो लिहिण्यासाठी आता एकच उरला. वडील भाऊ साठीस आलेला. आठ वर्षे त्याने एकट्याने लेखणी चालविली. मध्यंतरी, १९२४ साली, दोघांनी मिळून आरंभिलेला खिशात मावणारा लहान कोशही त्याने पुरा केला. शेवटी १९२६ साली 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' हा ग्रंथ बाहेर पडला. तो फ्रँकच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्या अर्पणपत्रिकेत फाउलर यांनी कबूल केले आहे की, धाकट्याची बुद्धी आपल्याहून चपळ होती, त्याचे तारतम्य अधिक चांगले होते आणि त्याचे मनही अधिक मोकळे होते. तो असता तर ग्रंथ याहून चांगला झाला असता. थोरल्या भावाने धाकट्याविषयी असे लिहिलेले फार क्वचित वाचावयास मिळते.

या ग्रंथात काय आहे? शब्द अकारविल्हे लावलेले आहेत, पण मधूनमधून फाउलर यांनी स्वतः योजलेली मथळ्यांची नावे आहेत, आणि ती वाचूनच हसू येते. लांब शब्दांचा सोस, झिजलेले दागिने, असे ते मथळे आहेत. एक मथळा विजोड जुवाच्या बैलांवर आहे. ती उपमा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातून आलेली आहे. धर्मोपदेशकाच्या घरात कानांवर पडलेली पवित्र शास्त्राची भाषा श्रद्धेबरोबर निघून गेली नव्हती.

प्रतिष्ठित दिसण्यासाठी साधा शब्द टाकून भारी शब्द घेणारांस त्यांनी चांगलेच हाणले आहे. 'हेल्प' म्हणावयास लाज वाटते म्हणून 'असिस्ट', 'रीड' ऐवजी 'पेरूझ', 'शट' ऐवजी 'क्लोज', आणि घामास 'स्वेट' न म्हणता 'पर्स्पिरेशन'. आमच्या वर्गात रजेचा अर्ज लिहावयास दिला की ही सर्व मंडळी एकाच कागदावर जमतात. तसेच, एकच शब्द दोनदा येऊ नये म्हणून दर वाक्यात नवा पर्याय शोधणाऱ्या लेखकांवरही त्यांचा रोष आहे. मराठी निबंधात मुलगा पहिल्या वाक्यात सूर्य उगवितो, दुसऱ्यात भास्कर माथ्यावर आणतो आणि तिसऱ्यात दिनकर मावळवितो. वाचणारास वाटते, आकाशात तीन गोल होते की काय! तोच प्रकार इंग्रजीत.

नेहमीच्या वाक्प्रचारांचे खरे अर्थ सांगण्यात तर या ग्रंथाचा हात कोणी धरू शकत नाही. 'दि एक्सेप्शन प्रूव्हज दि रूल' हे वाक्य आपण किती सहज वापरतो! कोणी म्हणावे, कोकणातील सर्व माणसांस मासे आवडतात. दुसऱ्याने मासे न खाणारा कोकणातील मनुष्य समोर आणून उभा करावा. आणि पहिल्याने हे वाक्य फेकून विजयी मुद्रेने निघून जावे. अपवादाने नियम सिद्ध कसा होईल? तो तर मोडेल. फाउलर यांनी याचा मूळ अर्थ उलगडून दाखविला. एखाद्या वाचनालयाच्या दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी असली, तर इतर दिवशी ते उघडे असते हे कोणी न सांगताच सिद्ध होते. अपवाद मुद्दाम सांगितला, त्या अर्थी नियम आहेच. न्यायालयातील हा साधा तर्क लोकांच्या तोंडी पडून अगदी उलट्या अर्थाचा झाला.

'लीडिंग क्वेश्चन' याचीही तीच गत. पुष्कळांची समजूत अशी की, उत्तर देणारास अडचणीत आणणारा खोचक प्रश्न म्हणजे लीडिंग क्वेश्चन. खरा अर्थ याच्या उलट आहे. ज्या प्रश्नातच हवे ते उत्तर सुचविलेले असते तो लीडिंग क्वेश्चन. 'तू त्या वेळी घरीच होतास ना?' असे वकिलाने आपल्याच साक्षीदारास विचारले तर तो असा प्रश्न होय, आणि म्हणूनच न्यायाधीश तो विचारू देत नाहीत.

चुका का होतात याची कारणेही फाउलर शोधतात, आणि हा भाग शिक्षकांस फार उपयोगी आहे. एक कारण म्हणजे सादृश्य. एका वाक्प्रचाराची घडी मनात बसलेली असते, ती आपण शेजारच्या वाक्प्रचारास लावतो. 'नो सूनर' याच्या पुढे 'दॅन' येते, कारण 'सूनर' हे तुलनेचे रूप आहे. 'हार्डली' यात तुलना नाही, म्हणून त्याच्या पुढे 'व्हेन' पाहिजे. पण अर्थ जवळचा असल्याने इंग्रज लेखकही 'हार्डली' पुढे 'दॅन' घालून बसतात. हे वाचल्यापासून मुलांच्या एका हट्टी चुकीचे कारण मला उमगले. 'टॉक' पुढे 'अबाउट' येते, म्हणून ती 'डिस्कस' पुढेही 'अबाउट' लावतात. आता मी नुसती रेघ ओढीत नाही. 'टॉक' हा शब्द शेजारी लिहून ठेवतो.

एवढे वाचून फाउलर म्हणजे छडी घेतलेले पंतोजी, असे कोणास वाटेल. तसे नाही. पंतोजींच्या पोकळ नियमांवर त्यांच्याइतका घाव कोणीच घातला नसेल. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालणे म्हणजे महापाप, वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवणे म्हणजे अडाणीपणा, असे शाळांतून शिकविले जाई. हे नियम आंधळे आहेत, ते पाळण्यासाठी वाक्य वाकडे करणे मूर्खपणाचे, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. 'ओन्ली' हा शब्द ज्या शब्दाशी संबंध त्याच्या अगदी शेजारीच हवा, असे म्हणणारांसही त्यांनी गप्प केले. सर्व इंग्रज तो क्रियापदाच्या आधी सहज ठेवतात आणि अर्थात कोणतीही शंका येत नाही, मग तक्रार कशाची? नियम भाषेसाठी, भाषा नियमासाठी नव्हे. शब्बाथ व मनुष्य यांविषयीचे प्रभूचे बोल ज्यांच्या ओळखीचे आहेत त्यांस हा विचार परका वाटणार नाही.

तेही चुकले, किंवा निदान काळ त्यांच्या बाजूने गेला नाही, अशी स्थळे आहेत. 'आय डू नॉट लाइक हिम गोइंग' अशी रचना त्यांस मुळीच खपत नसे. तेथे 'हिम' नव्हे, 'हिज' हवे असा त्यांचा आग्रह. डेन्मार्कचे पंडित ओटो येस्पर्सन यांनी जुन्या ग्रंथकारांचे दाखले देऊन त्यांस विरोध केला. वाद काही वर्षे चालला. फाउलर हटले नाहीत. आज पुष्कळ चांगले इंग्रजी लेखक येस्पर्सन यांच्याच बाजूने लिहितात.

ग्रंथाची कीर्ती किती झाली याचे एक उदाहरण पुरे. १९४४ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरण्याच्या स्वारीची तयारी चालू होती. तिच्या कागदपत्रांत 'इंटेन्स' असावयास हवे तेथे 'इंटेन्सिव्ह' लिहिलेले पाहून पंतप्रधान चर्चिल यांनी अधिकाऱ्यास फाउलर वाचण्यास सांगितले. एवढ्या धामधुमीत!

पुस्तक निघाले त्या सुमारास फाउलर पतिपत्नी गर्न्सी सोडून सॉमरसेट परगण्यातील हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात येऊन राहिली होती. ऑक्सफर्डच्या मंडळींची इच्छा होती की त्यांनी आणखी एक मोठा कोश करावा. वृद्ध लेखकाचा वेळ घरकामात जाऊ नये म्हणून त्यांनी एका गड्याच्या पगाराची व्यवस्था करण्याची तयारी दाखविली. अडुसष्ट वर्षांच्या फाउलर यांनी कळविले की, त्याच दिवशी सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासात ते दोन मैल धावून आणि शेजाऱ्याच्या तळ्यात पोहून आले होते. तीस वर्षे नोकर नाही म्हणूनच आपण असे आहोत. नोकर आला तर कोश लवकर होईल, पण कोशकार हळूहळू मरेल. सबब आपल्या गतीनेच काम चालू द्यावे.

१९३० साली जेसीबाई वारल्या. त्यानंतरची तीन वर्षे ते एकटेच राहिले, पण काम थांबले नाही. १९३३ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर रोजी, त्याच खेड्यातील घरी त्यांचा अंत झाला. वय पंचाहत्तर वर्षांचे होते. मोठा कोश अपुरा राहिला. कन्साइज कोशाची तिसरी आवृत्ती मात्र त्यांच्या हातावेगळी होत आली होती. ती त्यांचे सहकारी ले मेझुरिए यांनी पुरी करून १९३४ साली बाहेर काढली. 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' पुढे १९६५ साली सर अर्नेस्ट गावर्स यांनी, १९९६ साली रॉबर्ट बर्चफील्ड यांनी आणि २०१५ साली जेरेमी बटरफील्ड यांनी सुधारले. प्रत्येकाने पुष्कळ गाळले व पुष्कळ घातले. पण ग्रंथाच्या नावातून फाउलर हे नाव काढावे असे त्यांपैकी एकासही वाटले नाही.